त्रिरश्मी लेणी ते लॅमिंग्टन रोड : एका घरगुती कॉम्प्युटरची जुळणी

नाशिकला पाहुणे आले की आम्ही त्यांना गोदाकाठ, काळाराम मंदिराचा परिसर आणि त्रिरश्मी लेणी दाखवतो. मे २०२४ मध्ये मात्र आम्ही आमच्याच शहरात वेगळ्या कामाने फिरलो. घरात पहिला कॉम्प्युटर जुळवायचा होता. तयार मशीन उचलून आणायचे नव्हते, तर एकेक सुटा भाग निवडून घरीच बसवायचा होता. त्या फिरण्यात जे पाहिले आणि जे कळले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. कारण आज घरोघर हाच प्रश्न आहे. मुले कॉम्प्युटर मागतात आणि आकडा ऐकून आईवडिलांच्या पोटात गोळा येतो.

आम्ही नाशिकरोडला राहतो. आमची मुलगी एका स्टुडिओत लग्नाच्या चित्रफितींचे संकलन करते. दिवसभर दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याचे काम. तिच्या मनात त्रिरश्मी लेण्यांवर मराठीत एक छोटा माहितीपट करायचे होते. लेण्यांतील शिलालेख काय सांगतात ते शाळकरी मुलांना समजेल अशा भाषेत सांगायचे, एवढाच त्याचा हेतू. घरच्या जुन्या लॅपटॉपवर चित्र दोन सेकंद चाले आणि थांबे. धाकटा मुलगा कॉलेजात शिकतो. त्याला गेम खेळायला मशीन हवे. एकाच कॉम्प्युटरवर दोघांचे भागावे, असे ठरले.

पैशाचा हिशेब आधी केला. नोकरी संपल्यावर बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीला हात लावायचा नाही, ही घरातली पहिली अट. साठलेल्या व्याजातून आम्ही ५०,००० रुपये काढले. मुलीने पगारातून वाचवलेले २५,००० घातले. मुलाने शिकवण्या घेऊन जमवलेले १०,००० आणले. एकूण ८५,००० रुपये. तिघांचा पैसा म्हणजे तिघांचे मत, हे ओघाने आलेच.

पहिला फेरफटका शहरातच. सिटीलिंकच्या बसने आम्ही जुन्या सीबीएसला उतरलो आणि महात्मा गांधी रोड, कॅनडा कॉर्नर या भागातली कॉम्प्युटरची दुकाने पालथी घातली. वही-पेन सोबत होते. प्रत्येक दुकानात एकाच यादीचे भाव विचारायचे आणि लिहून घ्यायचे. एका दुकानदाराने आमच्या मुलीकडे न पाहता मुलालाच सगळे सांगायला सुरुवात केली. मुलगा म्हणाला, "काका, यादी ताईची आहे, तिलाच सांगा." मग तिने प्रोसेसरचा सॉकेट आणि बोर्डाचा चिपसेट विचारला, तेव्हा खुर्ची पुढे आली.

ज्यांना या वस्तू नव्या आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसर हा कामाचा मुख्य कर्ता. मदरबोर्ड म्हणजे सगळ्यांना जोडणारा पाट. रॅम म्हणजे काम चालू असताना सामान मांडायची जागा. एसएसडी म्हणजे कोठार. ग्राफिक्स कार्ड चित्रांचे काम करते. त्याची स्वतःची वेगळी मेमरी असते. एसएमपीएस सगळ्यांना वीज वाटतो. हे सर्व ज्या पेटीत बसते ते कॅबिनेट. प्रत्येक भाग दुसऱ्याशी जुळला पाहिजे. इंटेलच्या बाराव्या पिढीचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डात बसणार नाही. डीडीआर ४ ची रॅम डीडीआर ५ च्या खाचेत जाणार नाही.

नाशिकच्या बाजारात फिरताना एक गोष्ट ध्यानात आली. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "बजेट किती?" खरा पहिला प्रश्न "काम कोणते?" हा असायला हवा. त्याचे उत्तर शोधायला आम्ही पुढच्या रविवारी लेण्यांवर गेलो.

पाथर्डी फाट्याजवळ उतरले की त्रिरश्मीचा डोंगर समोर दिसतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि शेजारी बुद्धविहार. फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९१२ च्या सुरुवातीला विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेतले. कच्ची फिल्म बिनभोकांची येत असे. ती भोके रात्री अंधारात पाडण्याचे काम पत्नी सरस्वतीबाई करीत. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला आणि त्याच वर्षी फाळके आपले सगळे बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. म्हणजे आपल्या देशातील पहिल्या चित्रपटांपैकी बरेच या गावात तयार झाले, तेही एकेक यंत्र स्वतः निवडून आणि चालवायला स्वतः शिकून. मुलगी स्मारकापुढे थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सरस्वतीबाईंचे नाव माझ्या माहितीपटात कुठे बसेल, ते पाहायला हवे."

पायऱ्या चढून वर गेलो. डोंगराच्या पोटात चोवीस लेणी कोरलेली आहेत. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण अक्षय ठेव म्हणून ठेवले. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २,००० वर वर्षाला २४० होतात, आणि वर्षावासातील वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा द्यायचे आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद दगडात वाचून आमच्या घरातल्या अटीला चांगलाच आधार मिळाला.

अठरावे लेणे म्हणजे इथले चैत्यगृह. दारावरच्या लेखात धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. वेदिका आणि यक्षाचा लेख वेगळा. आतल्या खांबांवरच्या लेखात भटपालिका नावाची बाई सांगते की हे चैत्यगृह तिने पूर्णत्वाला नेले. एकाच वास्तूचे दान असे वेगवेगळ्या हातांनी झाले आणि प्रत्येकाचा वाटा त्या त्या जागी लिहिला गेला.

कामाचे उत्तर मात्र अंधाराने दिले. चैत्याच्या आत उजेड फार कमी आणि दारातून येणारा प्रकाश झगझगीत. मुलीने मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण केले. घरी येऊन पाहिले तेव्हा काळोख्या भागात सगळीकडे मुंग्या फिरताहेत असा दाणा दिसत होता. अक्षरे वाचता येईनात. हा दाणा कमी करणे, सावलीतला तपशील वर आणणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम, आणि 4के चित्रासाठी त्या कार्डाला स्वतःची मेमरी भरपूर लागते.

इथेच भावंडांचा वाद झाला. मुलाला २०२३ साली आलेले आरटीएक्स ४०६० हवे होते. ते नव्या पिढीचे, वीज कमी खाणारे, गेममध्ये जास्त वेगवान. पण मेमरी ८ जीबी. मुलीला २०२१ चे आरटीएक्स ३०६० हवे होते. ते जुने, थोडे संथ, पण मेमरी १२ जीबी, शिवाय स्वस्त. आम्ही मध्ये पडलो नाही. दोघांना समोरासमोर बसवून आपापले काम कागदावर मांडायला सांगितले. मुलाचा रोजचा गेम व्हॅलोरंट. तो साध्या मशीनवरही चालावा असाच बनवलेला आहे. ३०६० वर तो मजेत चालणार, हे त्याच्याच कागदावरून दिसले. मुलीचे काम मात्र मेमरी संपली की जागेवर थांबणार. मुलाने कार्डावरचा हट्ट सोडला. त्याच्या वाट्याला आम्ही ६० ऐवजी १०० हर्ट्झचा मॉनिटर धरला, म्हणजे गेममधली हालचाल सेकंदाला शंभर वेळा ताजी दिसेल.

कोठाराचा हिशेबही कागदावरच सुटला. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे १२.५ मेगाबाइट. तासाला ४५ जीबी. सहा तासांचे चित्रीकरण म्हणजे २७० जीबी. दुकानात सर्वांत महागडी एसएसडी सुचवली होती, जी सेकंदाला ७,००० मेगाबाइट वाचते. आमच्या १२.५ ला ३,५०० वालीही पुरून उरते. वाचलेल्या पैशात २ टीबीची हार्ड डिस्क बसली. चित्रीकरणाची दुसरी प्रत नेहमी वेगळ्या डिस्कवर ठेवावी. एक डिस्क गेली तर लेण्यात पुन्हा जाता येईल, पण घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती परत मिळणार नाहीत.

भाग घ्यायला आम्ही मुंबई गाठली. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी, दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला चार पावले गेले की लॅमिंग्टन रोड. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. हा रस्ता पूर्वी सिनेमागृहांचा. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांची कचेरी शेजारी कचेरी असे. आज त्याच रस्त्यावर वायर, कपॅसिटर, कॅमेरे आणि कॉम्प्युटरचे भाग विकले जातात. फूटपाथवर खोक्यांच्या थप्प्या, गल्लीत हातगाड्या, आणि दुकान एवढे अरुंद की आत दोघे गेले तर तिसऱ्याने बाहेर थांबावे. नाशिकच्या भावांची वही हातात होती म्हणून घासाघीस करता आली. प्रवासखर्च धरून पाहिल्यावर काही भाग नाशिकलाच घेणे परवडेल, हेही कळले. बोर्ड, कॅबिनेट आणि मॉनिटर आम्ही नाशिकलाच घेतले. बिघाड झाला तर जड खोके घेऊन मुंबईला जायला नको.

एका गाळ्यात ग्राफिक्स कार्ड बरेच स्वस्त मिळत होते. बिल मागितल्यावर "बिलाशिवायचा भाव आहे" असे उत्तर आले. आम्ही उठलो. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी जातो, पण त्या बिलावर आणि खोक्यावरच्या अनुक्रमांकावरच वॉरंटी उभी असते.

आमचा त्या वेळचा खर्च असा झाला. प्रोसेसर, इंटेल आय-फाइव्ह १२४००, १३,५०० रुपये. बोर्ड १०,०००. रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन पट्ट्या, ६,५००. ग्राफिक्स कार्ड २५,५००. एसएसडी १ टीबी, ५,५००. हार्ड डिस्क ५,०००. एसएमपीएस ४,५००. कॅबिनेट ३,५००. मॉनिटर ९,०००. कीबोर्ड-माउस १,५००. बेरीज ८४,५००. यूपीएस दिवाळीवर ढकलला. हे आकडे २०२४ चे आहेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव खूप चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरीची प्रचंड मागणी आली. आज घेणाऱ्याने भाव नव्याने विचारावेत. क्रम मात्र हाच ठेवावा.

दोन बारकावे सांगतो. प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यात आतले ग्राफिक्स नसते आणि तो दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो. निव्वळ खेळणाऱ्याला तो चालेल. संकलन करणाऱ्याने आतले ग्राफिक्स असलेलाच घ्यावा. त्यात दाबून ठेवलेला व्हिडिओ उलगडणारी स्वतंत्र यंत्रणा असते, संकलनाचे अनेक प्रोग्रॅम तिचा उपयोग करतात. शिवाय कार्ड बिघडले तरी पडदा चालू राहतो. दुसरे म्हणजे एसएमपीएसवर काटकसर करू नये. सर्वांना वीज तोच देतो. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, म्हणून कॅबिनेटही जाळीच्या तोंडाचे, हवा खेळती ठेवणारे घ्यावे.

जुळणीला एक रविवार लागला. स्वयंपाकघरातले टेबल, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि मुलीच्या हातात बोर्डाची पुस्तिका. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून अधूनमधून कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेवर आणायचा, जोर लावायचा नाही. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पडद्याची वायर बोर्डाला न लावता कार्डाला. चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा पूर्ण वेग सुरू करायचा, नाहीतर पैसे पूर्ण आणि वेग अर्धवट.

संध्याकाळी चैत्यगृहाचे तेच काळोखे दृश्य पडद्यावर लावले. दाणा हळूहळू विरला आणि खांबावरची ब्राह्मी अक्षरे एकेक करून वर आली. मुलगी लिपी शिकते आहे. तिने बोट ठेवून भटपालिकेचे नाव वाचून दाखवले. मुलगा गेम लावायचा विसरून शेजारी बसून होता.

माहितीपट पुढे अकरा मिनिटांचा झाला. आधी आमच्या विहारात मुलांना दाखवला. श्रेयनामावलीत मशीनला पैसे देणाऱ्यांची नावेही आहेत, धाकट्याचे सुद्धा. त्यानंतर मुलीला दोन लग्नांचे संकलन स्वतःच्या नावावर मिळाले. बाराव्या महिन्यात तिने आमच्या पन्नास हजारांतले वीस परत केले. बाकीचे आम्ही मागितलेले नाहीत.

मुलांनी कॉम्प्युटर मागितला तर एकदम हो म्हणू नका आणि एकदम नाहीही म्हणू नका. काम काय आहे ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. प्रत्येक भागापुढे त्याचे कारण लिहायला लावा. ज्या भागाचे कारण लिहिता येत नाही, तो भाग यादीतून काढा. आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलीच्या हातात द्यायला विसरू नका.