सामान सांभाळायला कोणी नाही

कॅलिफोर्नियात टाहोच्या बर्फात गेलेल्या मराठी कुटुंबाचे फोटो नीट पाहा. नवरा स्कीवर, मुलं स्कीवर. बाई कुठेच दिसत नाही, कारण फोटो तीच काढत असते. उरलेला वेळ ती लॉजमध्ये टेबल अडवून बसते आणि सगळ्यांचे बूट, ओले हातमोजे, चहाचा थर्मास यांची राखण करते. "तूही शीक ना," असं घरचे दर हिवाळ्यात म्हणतात. शिकवायला नवराच पुढे सरसावतो. तिला न झेपणाऱ्या उतारावर नेतो, "फक्त गुडघे वाकव," म्हणतो आणि सर्रकन खाली जाऊन हात हलवत उभा राहतो. त्यानंतर घर येईपर्यंत गाडीत कोणी फारसं बोलत नाही.

म्हणून यंदा संक्रांतीच्या पुढच्या शनिवार-रविवारी बे एरियातल्या आम्ही काही जणींनी फक्त बायकांचं स्की क्लिनिक ठरवलं. बर्फावरचे धडे द्यायला स्की-शाळेच्या दोन शिक्षिका होत्या. धड्यांच्या आगेमागे काय करायचं, म्हणजे मजेची सगळी आखणी, माझ्याकडे आली. पहिली यादी भलतीच लांब झाली. अंताक्षरी, पॉटलक, शेकोटीवर कणसं, फॅशन शो, काय नि काय. मग प्रत्येक ओळीपुढे मी एकच प्रश्न लिहिला: यासाठी कोणाला मागे थांबावं लागेल का? पॉटलक गेलं, कारण त्यासाठी चार जणी आदल्या रात्री जागल्या असत्या. शेकोटी गेली. जेवण सनीव्हेलच्या एका काकूंकडून तयार मागवलं आणि ते गरम करायच्या पाळ्या लावल्या. यादीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत नियम घातला: सामान लॉकरमध्ये. राखणीला कोणी बसणार नाही.

पहिला कार्यक्रम फ्रीमॉन्टमध्ये, घरासमोरच्या ड्राइव्हवेत, लख्ख उन्हात झाला. गाडीच्या चाकांना चेन लावण्याचा. इंटरस्टेट 80 वर हिमवादळ आलं की चेन कंट्रोल लागतं. फोर-व्हील ड्राइव्ह आणि बर्फाचे टायर असलेल्यांना बहुतेक वेळा तसंच सोडतात, बाकीच्यांनी चेन लावायची. आमची मिनीव्हॅन बाकीच्यांतली. रस्त्याकडेला नंबराचे अंगरखे घातलेले परवानाधारक लोक पैसे घेऊन चेन लावून देतात, पण आमच्यात सांगलीची एक वहिनी आहे. वडिलांच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात वाढलेली. तिने सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं. "पुढच्या चाकांना लावायची, इंजिनाचा जोर तिकडं आहे. आणि थोडं अंतर गेलं की उतरून परत आवळायची. पहिल्यांदा आवळलेली चेन खरी नसते," असं ती ज्या ठसक्यात म्हणाली, त्यावर कोणी शंका काढली नाही.

शुक्रवारी दुपारी निघालो. सॅक्रामेंटोपर्यंत सपाट, मोसमी हिरवं रान. ऑबर्नपासून रस्ता चढू लागतो, कोलफॅक्सनंतर पाइनची झाडं दाटतात, आणि मग एका वळणावर कडेला मळकट बर्फाचे ढीग दिसतात. पाहता पाहता ते ढीग व्हॅनच्या टपावर जातात. डॉनर खिंडीजवळ बर्कलीच्या विद्यापीठाची हिम-प्रयोगशाळा आहे. 1946 पासून तिथे बर्फ मोजतात. 2022-23 च्या हिवाळ्यात तिथे 754 इंच बर्फ पडला, म्हणजे जवळपास 63 फूट. हा आकडा ऐकून नाशिकच्या मावशींनी शाल आणखी ओढून घेतली. मावशी म्हणजे आमच्यातल्या एकीची आई. मुलीकडे आलेल्या, वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. "मी आपली बसून बघेन," असं त्यांनी निघतानाच जाहीर केलं होतं.

ट्रकी गावावरून दक्षिणेला वळलं की हायवे 89 नदीच्या काठाकाठाने ऑलिम्पिक व्हॅलीत नेतो. 1960 चं हिवाळी ऑलिम्पिक इथे झालं. बायकांच्या स्पीड स्केटिंगच्या शर्यतींना पदकाचा मान त्याच वर्षी पहिल्यांदा मिळाला. इथल्या स्की रिसॉर्टच्या जुन्या नावात आदिवासी बायकांना हिणवणारा शब्द होता. 2021 मध्ये ते बदलून पॅलिसेड्स टाहो केलं. पण मी ही जागा निवडली ती एलिसा स्लँगर या शिक्षिकेमुळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिने याच डोंगरावर फक्त बायकांसाठी स्कीची शिबिरं सुरू केली. पुढे 1979 मध्ये तिचं त्यावरचं पुस्तकही आलं. भीतीबद्दल मोकळेपणी बोलावं आणि कोणाच्याही मागे फरफटत जाऊ नये, हा तिच्या शिकवण्याचा गाभा. आज अमेरिकेत ठिकठिकाणी बायकांची क्लिनिकं चालतात, त्यांच्या मुळाशी या शिबिरांचा मोठा वाटा आहे.

शुक्रवारची संध्याकाळ मी बुटांना दिली. स्कीचा दिवस बिघडतो तो बहुधा बुटांनी. बायकांच्या पोटरीचा स्नायू पुरुषांच्या मानाने खाली उतरलेला असतो, त्यामुळे पुरुषी घडणीच्या बुटाची वरची कड त्याला काचते आणि बाई आपोआप मागे रेलते. मागे रेललं की स्की ताब्यात राहत नाही. मग "मला जमतच नाही" असं ती धरून चालते. म्हणून भाड्याच्या दुकानात सकाळच्या गर्दीत घुसण्याऐवजी आम्ही आदल्या संध्याकाळी निवांत गेलो. मोजा एकच, तोही पातळ. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघा वाकवला की मागे सरकावीत. प्रत्येकीने बूट घालून दुकानात तीन-चार फेऱ्या मारायच्या, न पटल्यास बदलायचे.

खरी पंचाईत फॉर्मची. पडल्यावर स्की बुटापासून कधी सुटावी, हे बाइंडिंगवर ठरवावं लागतं आणि त्याला वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी लागते. वजन खोटं सांगितलं तर गुडघ्यावर बेतायचं. काउंटरवरचा मुलगा मोठ्याने विचारू लागला तशी आमच्यात शांतता पसरली. मी आधीच चिठ्ठ्या तयार ठेवल्या होत्या: प्रत्येकीने आपली लिहायची, घडी घालून थेट त्याच्या हातात. एकीने चिठ्ठी देऊन परत मागितली, खाडाखोड केली आणि म्हणाली, "गुडघा महत्त्वाचा, बाई."

शनिवारी सकाळी केबलकारने 8,200 फुटांवरच्या हाय कॅम्पला गेलो. वर सौम्य उतार आहेत आणि नवशिक्यांना उतरतानाही केबलकारच मिळते, त्यामुळे "खाली कसं जायचं?" हा पोटातला गोळा नसतो. इतक्या उंचीवर डोकं दुखतं, म्हणून सतत पाणी प्यायचं. बर्फावरून उलटून येणारं ऊन हनुवटीखालीही भाजतं, म्हणून तिथेही क्रीम फासायचं. अंग मोकळं करायला मंगळागौरीचे खेळ ठेवले होते. स्कीचे बूट घालून फुगडी जमत नाही, पण बसफुगडीची बैठक जमते, आणि मांड्या अशा पेटतात की बोलायची सोय नाही. शिक्षिकांपैकी थोरलीने हे पाहिलं आणि आपल्या दुसऱ्या गटाला शिकवायला उचललं.

धडा पडण्यापासून सुरू झाला. ही माझी विनंती होती. कुशीवर पडायचं, स्की उताराला आडव्या करायच्या, गुडघे पोटाशी घेऊन उठायचं. सगळ्याच पडलेल्या असल्यावर पडण्यात लाज उरत नाही. मग एका पायात स्की घालून स्कूटरसारखं ढकलत जायचं, नंतर दुसऱ्या पायात. मग दोन्ही टोकं जवळ आणून स्नोप्लाऊ, ज्याला इथे लहान मुलांना पिझ्झा म्हणून शिकवतात. डावीकडे वळायचं तर उजव्या अंगठ्यावर भार द्यायचा. पोल्स दुपारपर्यंत हातातच दिल्या नाहीत. दर थोड्या वेळाने गट थांबायचा आणि ज्या खाली पोचल्या, त्यांनी वरच्यांना सूचना द्यायच्या नाहीत, एवढंच बंधन. दुसऱ्या फेरीला एक डेंटिस्ट बाई मध्येच थांबली. "मला भीती वाटते आहे," ती म्हणाली. शिक्षिका तिच्याजवळ सरकली आणि तिथेच उभी राहिली. "ठीक आहे, तुझं झालं की निघू." मागून कोणी घाई केली नाही. थोड्या वेळाने ती निघाली, वळली आणि स्वतःच ओरडली.

दुपारी थकलेल्यांसाठी एक खेळ होता. शेजारच्या केटी-22 या चढणीचं नाव सँडी पोल्सन या बाईवरून आलं. रिसॉर्टच्या संस्थापकांपैकी एकाची ती बायको. इथे लिफ्ट येण्याआधीच्या काळात तो खडा उतार ती 22 किक-टर्न घेत उतरली. किक-टर्न म्हणजे एक स्की हवेत उभी करून उलटी फिरवायची, मग दुसरी तिच्या शेजारी आणायची. सपाटीवर सगळ्यांनी करून बघितलं. तिसऱ्या वळणालाच निम्म्या जणी एकमेकींवर कोसळल्या होत्या. 22 च्या आकड्याचा खरा अर्थ मांड्यांना कळला.

संध्याकाळी केबिनमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू. यावर निघण्याआधी जरा चर्चा झाली होती. गटात एक विधवा, दोघी घटस्फोटित. मी सरळ ठरवलं, जी स्कीवर उभी राहिली, तिला वाण. वाण काय? हातमोज्यात ठेवायच्या गरम पुड्या आणि ओठांना लावायचं क्रीम. स्टीलच्या वाट्यांपेक्षा हे कितीतरी जास्त लुटलं गेलं. स्वयंपाकघरात पाळ्या लावूनही दोघी-तिघी भांडी घासायला घुसल्याच. त्यांना ओढून बाहेर काढणं हाही एक कार्यक्रम झाला.

रविवारी पायांचे स्नायू बोलू लागणार, हे गृहीत धरून ज्यांना स्की नको त्यांच्यासाठी डॉनर मेमोरियल स्टेट पार्कात स्नोशूजवर चालणं ठेवलं होतं. नेहमीच्या बुटांना रुंद जाळ्या बांधून ताज्या बर्फावर न बुडता चालायचं. मावशींना शाल कमरेला खोचून आम्ही उभं केलं. दहा पावलांत त्या आमच्या पुढे होत्या.

पार्कात एक स्मारक आहे. त्याचा चौथरा 22 फूट उंच, कारण 1846 च्या हिवाळ्यात इथे तितका बर्फ साचला होता असं मानतात. कॅलिफोर्नियाकडे निघालेला डॉनर तांडा या खिंडीत अडकला. 87 माणसं, त्यातली निम्म्याहून थोडीच जास्त वाचली. डिसेंबरात मदत आणायला सतरा जण निघाले, बैलांच्या जुवांचं लाकूड आणि कातड्याच्या पट्ट्या यांच्यापासून स्नोशूज बनवून. दोघे परत फिरले. उरलेल्या पंधरांत दहा पुरुष आणि पाच बायका. मेलेल्यांचं मांस खाण्याची वेळ आली. 33 दिवसांनी, 17 जानेवारी 1847 ला, वस्ती गाठली तेव्हा दोन पुरुष जिवंत होते. बायका पाचही. पुढे अभ्यासकांनी सगळ्या तांड्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकूणातही बायका जास्त संख्येने टिकल्याचं दिसलं. शरीरातली चरबी, लहान चण, उपासात कमी खर्च होणारी ताकद, अशी कारणं ते देतात. मावशी ऐकत होत्या. "चतुर्थ्या उगाच नाही धरल्या," एवढंच म्हणाल्या आणि तळ्याकडे चालू लागल्या.

दुपारनंतर ढग आले आणि ट्रकी सोडेपर्यंत बर्फ आडवा पडू लागला. खिंडीच्या अलीकडे चेन कंट्रोल. गाड्यांची रांग, पिवळे दिवे, अंगरखेवाले एकेका गाडीशी भिडलेले. आम्ही व्हॅन कडेला घेतली. सांगलीच्या वहिनीने एक चाक घेतलं, डेंटिस्ट बाईने दुसरं. बाकीच्यांनी टॉर्च धरले. थोडं पुढे जाऊन थांबलो, पुन्हा आवळलं.

तेवढ्यात मागच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली आणि विचारलं, "किती घेता?"

"काय सांगू गं?" वहिनीने मला विचारलं.

"परवाना नाही आपल्याकडे. पैसे नाही घेता यायचे."

वहिनी त्याच्या खिडकीशी गेली. "फुकट दाखवते," ती म्हणाली, "पण तुम्ही खाली उतरा. लावायची तुम्ही." तो उतरला. पहिलं चाक त्याने तिच्या सांगण्यावरून केलं, दुसरं आपलं आपण. ती शेजारी गुडघ्यावर बसून "अजून घट्ट, अजून घट्ट" म्हणत राहिली आणि मागे हॉर्न वाजत असूनही त्याचं होईपर्यंत उठली नाही.