बढती आणि वाढ

काही धंद्यांचे दैवच असे असते की, त्यांतील माणसाची लोकांना आठवण होते ती त्याचे काम बिघडले म्हणजेच. नळाला पाणी आले म्हणून कोणी पाणी सोडणाऱ्याचे आभार मानीत नाही. पण एक दिवस ते आले नाही, की साऱ्या आळीला तो आठवतो. ‘डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर’ असे लांबलचक नाव धारण करणारा गृहस्थ याच पंथातला. बँकेतील आपली शिल्लक, आगगाडीचे आरक्षण, मुलांचे गुण, दवाखान्यातील नोंदी ही सारी जेथे नांदतात, त्या कोष्टकांचा तो राखणदार. जुन्या भाषेत त्याला दफ्तरदार म्हणता येईल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांवरून इतिहास लिहिणारे कीर्ती पावले. मोडी कागदांच्या रुमालाची गाठ घट्ट मारणारा कारकून अनामिकच राहिला.

माझा एक जुना विद्यार्थी गेली पंधरा वर्षे हे काम करीत आहे. मध्यंतरी तो भेटावयास आला, तेव्हा काहीसा खिन्न दिसला. म्हणाला, “सर, बरोबरीचे सारे मॅनेजर झाले. मी अजून रात्री दोन वाजता फोन आला की उठून बसतो. त्यात बॅकअप घेणे, नवी आवृत्ती बसवणे ही कामे आता क्लाउडमध्ये आपोआप होतात. मग इतक्या वर्षांत मी वाढलो तो कोठे?”

मी साहित्य शिकवणारा मनुष्य. त्याच्या विद्येतले मला काय कळणार! म्हणून मी त्यालाच विचारले, “पहिल्या वर्षी तू काय करीत होतास, आणि आज काय करतोस?”

तो हळूहळू खुलला. “पहिल्या वर्षी एखादी क्वेरी रेंगाळली, की मी इंडेक्स घालून मोकळा होत असे. पुढे कळले, की प्रत्येक इंडेक्सचे ऋण प्रत्येक नव्या नोंदीला फेडावे लागते. आता मी आधी विचारतो, ही माहिती कोणाला हवी आणि कशासाठी? पूर्वी बॅकअप झाला की मी निश्चिंत झोपत असे. आता तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिल्यावाचून तो आहे असे मी मानीतच नाही.”

या अविश्वासाचे कारण म्हणून त्याने एक हकीकत सांगितली. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने, दुय्यम सर्व्हर समजून, मुख्य सर्व्हरवरीलच माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक तत्काळ उमगली. पण तोवर सुमारे 300 गीगाबाइट माहिती नाहीशी झाली होती. नित्याचा बॅकअप शोधू जावे, तो तो होतच नव्हता, आणि होत नसल्याची सूचना देणारे ई-मेलही कोणास पोचत नव्हते! अखेर 6 तासांपूर्वी भलत्याच कारणासाठी घेतलेल्या एका प्रतीने लाज राखली. कंपनीने सारा वृत्तांत प्रांजळपणे जगापुढे मांडला, आणि या धंद्यातील पुष्कळांनी त्यापासून धडा घेतला.

ही हकीकत ऐकताना मला त्याच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. 1970 साली एडगर कॉड यांनी असा विचार मांडला की, माहिती कोष्टकांच्या रूपात ठेवावी, आणि ती यंत्रात कोठे व कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये. विचार थोर खराच. 1981 साली त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. परंतु ती चिंता त्यामुळे नाहीशी झाली नाही; ती राखणदाराच्या खांद्यावर आली. उद्या यंत्रे कितीही प्रती आपोआप घेवोत. हरवलेले परत आणता येते की नाही, आणि आणलेले खरे आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणातरी माणसालाच घ्यावी लागेल.

बढती आणि वाढ हे शब्द आपण एकाच अर्थी वापरतो, हेच मुळी चुकते. बढती दुसऱ्याने द्यावयाची असते व तिची पाटी दारावर लागते. वाढ म्हणजे मनुष्य आपल्या हातून काय निसटू शकेल हे अधिकाधिक ओळखू लागणे. माझ्या विद्यार्थ्याला पहिली मिळाली नाही, याचे मला वाईट वाटते; आणि उद्या चालून आली तर त्याने ती घ्यावी किंवा नाही हे त्याचे त्याने ठरवावे. पण जी कोष्टके तो जागता राहून राखतो त्यांत माझेही पेन्शन असेल, या विचाराने मला मात्र बरे वाटते.