मुकादमामार्फत

1985 च्या हिवाळ्यात आम्ही मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षय रुग्णालयात होतो. या विद्यालयात नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत आई-वडिलांकडे फडावर गेलो. आमचा कोयता त्या हंगामात सांगलीकडे होता. तेथे एका पहाटे खोकल्यातून रक्त पडले. ते वडिलांनीच पाहिले. आईला आणि टोळीला त्यांनी निमोनिया सांगितला.

सकाळी स्ट्रेप्टोमायसिनची सुई, मग गोळ्या, दुपारी सक्तीची विश्रांती. पत्रे लिहावयास वेळ पुष्कळ आणि पोस्टकार्ड 15 पैशांना. अडचण पत्त्याची होती. गळीत हंगामात आमचे घर म्हणजे पाचटाची कोपी. फड हलला की तीही हलणार. म्हणून पत्ता एकच, 'मुकादमामार्फत'. आई-वडील निरक्षर, कार्ड वाचणार तेही मुकादमच, चारचौघांत, मोठ्याने.

'क्षय' लिहिले असते तर टोळी फुटली असती, आणि उचल तर अजून फिटायची होती. शिवाशिव आमच्या घराला नवी नव्हती. तीत ही भर नको होती. म्हणून 'सविनय जयभीम'नंतर आम्ही लिहीत असू: ताप उतरला, भूक लागते, पायलीभर ज्वारीइतके वजन वाढले. वजन खरोखरच वाढत होते. बाकीचे सारे, रात्रीची भीती, शेजारची एका सकाळी रिकामी झालेली खाट, आम्ही अंतर्देशीय पत्रात चिकटवून या वसतिगृहात सहावीत शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवले. अकरा वर्षांच्या मुलावर ते ओझे टाकावयास नको होते, हे आज कळते. त्याने ते कोणासही सांगितले नाही.

औषधे नियमित घेतली तर रुग्ण घरी राहूनही तितकाच बरा होतो आणि घरच्यांचा धोकाही वाढत नाही, असे मद्रासच्या संशोधनाने 1959-60 सालीच दाखवून दिले होते. हे आम्ही फार पुढे वाचले. तेव्हा वाचले असते तरी जाणार कोठे होतो? कोपीत?

माघात आईचे एकच कार्ड आले. अक्षर अनोळखी; बहुधा मुकादमाचेच. बैलाला बरे नाही, थंडी फार आहे, धाकट्याला वही पाठव. शेवटी एक ओळ होती. लिहिणाऱ्याला ती साधीच वाटली असावी :

'तुझे ताट वेगळे काढले नाही. आमच्या ताटांतच आहे.'