सारीहून देवरियाताल

रविवार, ऋषिकेश
हरिद्वारला गाडी पावणेतीन तास उशिरा. रिक्षा ६००, खोली १,८००, जेवण ७४०, धाकट्याच्या उलटीच्या गोळ्या ३५. सारी गावापर्यंतची टॅक्सी ७,०००ला ठरली, वाटेत रुद्रप्रयागला मुक्काम. आई न जेवताच झोपली. मीही झोपते.

सोमवार, रुद्रप्रयाग
अंतर १४० किलोमीटरच्या आसपास आणि लागले सात तास. एके ठिकाणी दरड उपसायचं काम चालू होतं, तिथे दीड तास धुळीत बसून काढला. धाकट्याला दोन उलट्या. देवप्रयागला खाली उतरणं जमलं नाही. अलकनंदा-भागीरथीचा संगम वरच्या रस्त्यावरूनच पाहिला, आईने तिथूनच हात जोडले. जिम कॉर्बेटने १९२६ साली नरभक्षक बिबट्या मारला ते गुलाबराय इथून अगदी जवळ. ड्रायव्हरने हे सांगितल्यापासून धाकटा खिडकीशेजारी झोपायला तयार नाही. चहा-नाश्ता ४१०, जेवण ६८०. दातांत अजून धूळ आहे.

मंगळवार, सारी
पुन्हा वळणं, पुन्हा धूळ, उलटी एकच. उखीमठला ओंकारेश्वराचं दर्शन घेतलं. हिवाळ्यात केदारनाथाचं देऊळ बंद असतं तेव्हा त्याची पूजा इथे होते. एप्रिल असल्यामुळे देव अजून इथेच आहेत, याचा आईला फार आनंद झाला.

सारी लहानसं गाव. पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, त्यांत गहू. ज्यांच्या घरी उतरलोय त्या दीदींनी रात्री मंडुव्याच्या रोट्या आणि गहतची डाळ वाढली. आईने पहिला घास घेतला आणि थांबली. ‘अगं, हे तर हुलगे!’ रोटी तर आपल्या नाचणीचीच. माणदेशात जन्म गेलेल्या बाईला हिमालयात हुलगे भेटले, मग काय! चुलीपुढे बसून तिने मोडक्यातोडक्या हिंदीत माडगं कसं करायचं ते सांगितलं, दीदींनी गहतचा फाणू कसा शिजवतात ते सांगितलं. भिजवलेले हुलगे पाट्यावर वाटायचे आणि लोखंडी कढईत सावकाश आटवायचे. प्रवासाला निघाल्यापासून आई आज पहिल्यांदा पोटभर जेवली.

बुधवार, सारी
पहाटे पाचला निघालो. वाट अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर, बहुतेक सगळी दगडी फरसबंदीची, पण चढ सलग. लोक तास-दीड तासात वर जातात. आम्ही आईच्या चालीने चाललो, त्यामुळे दुप्पट वेळ लागला. मुलांना पहिला डोंगर दाखवायचा तर असाच दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. पुढे पळायचं नाही म्हटल्यावर ती आपोआप बघायला लागतात. ओंकार रत्नेश्वर महादेवाच्या जुन्या दगडी देवळाशी बसलो, पुढे दर वळणाला बसलो. वाटेवर बुरांसची लाल फुलं पडली होती. थोरलीने एक फूल उचलून उलटं केलं तर बोटावर मधाचा थेंब आला. पाकळी आंबटसर लागते.

मधेच गावातली एक आजी मागून आली, आईपेक्षाही मोठी. पाठीवर रिकामी दोरी, बांजाची पानं आणायला निघालेली. ती पानं आधी गुरांपुढे टाकतात, उरलेली गोठ्यात अंथरतात, त्याचंच पुढे खत. बांज आहे तोवर झरे आहेत, असं तिचं म्हणणं. ‘धीरे धीरे, भुली,’ म्हणत तिने आईचा हात धरला तो शेवटच्या चढापर्यंत सोडला नाही. एक गढवाळीत बोलत होती, एक मराठीत. सुना, गुडघे, पाऊस, सगळं बोलून झालं. पैसे देऊ केले तर रागावली. शेवटी आईने पिशवीतली राजगिऱ्याची वडी दिली, ती घेतली.

वर पोचलो तेव्हा वारा पडलेला होता. तळं सुमारे २,४०० मीटरवर आणि समोर ७,१३८ मीटरचा चौखंबा. चारी शिखरं पाण्यात उलटी, कडांसकट. धाकटा काही न बोलता काठावर बसून राहिला. यक्षाने पांडवांना प्रश्न विचारले ते हेच तळं, असं इथे मानतात. आईने ती गोष्ट पाण्याशी बसूनच सांगितली. उत्तर दिल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, हे ऐकल्यावर थोरलीने हातातली बाटली खाली ठेवली. नऊच्या सुमाराला वारा सुटला, पाणी थरथरलं, दहापर्यंत शिखरंही ढगांत गेली. त्यानंतर येणारे घामाघूम होऊन वर येत होते आणि विचारत होते, चौखंबा कुठे? फार वाईट वाटलं. इथे यायचं तर सारीत राहावं आणि अंधारातच निघावं.

उतरताना आईचे गुडघे दुखले. काठी आणि मी.

गुरुवार, सारी
विश्रांती. कपडे धुतले. आईच्या गुडघ्यांना दीदींनी मोहरीचं तेल गरम करून दिलं. बुरांसच्या सरबताच्या दोन बाटल्या, ३००. उद्या चोपता. तुंगनाथाचे दरवाजे अजून उघडलेले नाहीत, पण आई म्हणते, जमेल तिथपर्यंत चढू, तिथून हात जोडू. टॅक्सी सातला सांगितली आहे.