धूळपाटी

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या टाक्यांजवळ मार्चपासूनच जमावबंदी होती, आणि आमच्या शाळेच्या मैदानावर चार बोटं धूळ साचली होती. एरवी उन्हाळी हॉकी शिबिराच्या आदल्या संध्याकाळी एक टँकर मारला की माती बसायची. त्या वर्षी मैदानासाठी पाणी मागायचं मनात आणणंसुद्धा पाप वाटत होतं. चौदा मुली सकाळी सहाला स्टिका घेऊन यायच्या, त्यातल्या कितीतरी घरच्या घागरी रांगेत लावून. पहिल्या दिवशी पाच-सहा हिट झाले आणि असा धुरळा उठला की समोरची मुलगी दिसेना. दुसऱ्या दिवशी मी चेंडूंची पिशवी कपाटात ठेवली आणि सांगितलं, आता महिनाभर चेंडूशिवाय हिट.

मुलींचे चेहरे पडले. एकीनं विचारलंच, "सर, चेंडू नसंल तर बरोबर लागला का न्हाई ते कळायचं कसं?"

"खाली बघ," मी म्हटलं. "धूळ सांगती."

हे उत्तर माझं नव्हतं. ते नांदेडच्या उस्तादांचं होतं.

नव्वदच्या दशकात मी नांदेडला कॉलेजात होतो. खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरू गोविंदसिंघजींच्या नावानं गोल्ड अँड सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा भरते. पंजाब-दिल्लीकडचे संघ येतात आणि अख्खं गाव मैदानाच्या कडेला उभं राहतं. मी आधी नुसता बघायला जायचो, मग सकाळी खेळायला जाऊ लागलो. तिथं एक वयस्क सरदारजी मुलांना हिट शिकवायचे. सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे. त्यांची शिकवायची तऱ्हा मला सुरुवातीला कळलीच नाही. आपण स्टिक फिरवावी, तर ते आपल्याकडे बघायचेच नाहीत. स्टिक फिरून झाली की सावकाश चालत यायचे, उकिडवे बसायचे आणि जमिनीवरची खूण वाचायचे. पूर्वी शाळेत पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि पंतोजी वाचायचे, अगदी तसं.

खड्डा पडला असेल तर स्टिक वरून खाली कुऱ्हाडीसारखी आली. खूण चेंडूच्या जागेच्या मागं असेल तर अंग मागच्या पायावरच राहिलं. रेघ तिरकी, बाहेरून आत आलेली असेल तर खांदा आधी उघडला. आणि केरसुणीचा शेंडा टेकून गेल्यासारखी बारीक, सरळ पुसट रेघ असेल, तर उस्ताद मान हलवायचे. मग बुटांचे ठसे बघायचे. उजव्या पायाची टाच उचलून चवडा फिरला का? डावा पाय लक्ष्याच्या बाजूला भक्कम टेकला का? हात मात्र त्यांनी कधी बघितले नाहीत. "हाथ झूठ बोलता, बेटा. पाँव नहीं बोलता," असं म्हणायचे. होल्याच्या सणात गतका, म्हणजे शिखांची शस्त्रकला, खेळणारी मुलं दिसली की आम्हाला थांबवून दाखवायचे: तलवार बघू नका, पैंतरा बघा. पाऊल आधी पडतं, कंबर त्याच्या मागं येते, खांदा तिच्या मागं, आणि हत्यार सगळ्यांत शेवटी. हिटचंही तसंच आहे. नवखा माणूस स्टिक आधी आणतो आणि बाकी सगळं अंग तिच्या मागं फरपटत येतं.

दिवसाला एकच गोष्ट सांगायची, हा त्यांचा नेम होता. आज पाय म्हटलं की पायच. पकड चुकीची दिसत असली तरी त्या दिवशी तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

या नेमाचं मोल मला उशिरा कळलं, आणि त्याची किंमत एका पोरानं मोजली. लातूरला नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षांत उदगीरकडचा एक मुलगा माझ्याकडे होता. हिट जोरकस होता, पण वेडावाकडा. मी नवा होतो आणि पुस्तकं वाचून भरून आलो होतो. एकाच सकाळी मी त्याला पकड सांगायचो, कोपर सांगायचो, गुडघा सांगायचो, मान खाली ठेव म्हणायचो. दोन महिन्यांत तो चेंडूवर उभा राहून नुसता थिजायला लागला. स्टिक मागं न्यायचा आणि पुढं आणायचीच नाही. एक दिवस तो यायचा थांबला. मी घरी गेलो, तर म्हणाला, "सर, आता हातच उचलंना झालाय." त्याचं अंग जे आपसूक करत होतं, ते मी तोंडानं सांगून सांगून मोडून टाकलं. ही गोष्ट मी आजही मुलांसमोर उघड सांगतो, कारण शिकवणाऱ्याचा अपराध मैदानात कुणाला दिसत नाही.

म्हणून २०१६ च्या त्या धुळीत मी गप्प राहायचं ठरवलं. रांगोळीची एक रेघ ओढायची, मुलीनं तिच्यावरून स्टिक फिरवायची, आणि दोघांनी मिळून खाली बघायचं. आधी तिनं वाचायचं, मग मी. आठवड्याभरात मुली एकमेकींच्या खुणा वाचायला लागल्या. "तुझा खड्डा बघ की, विहीर खांदायलीस का!" अशी बोलणी ऐकू यायची.

त्यात औसा तालुक्यातली एक मुलगी होती. डावखुरी. घरात, शाळेत सगळीकडे डाव्या हातावर बोलणी खाल्लेली. हॉकीत डावखुऱ्याची वेगळी स्टिक नसते. सपाट बाजू एकच, डावीकडची, आणि सगळ्यांनी तिनंच खेळायचं. गोल्फमध्ये डावखुऱ्याला उलट्या तोंडाची काठी मिळते, इथं ती सोय नाही. त्यामुळं ही मुलगी सगळा जोर उजव्या हातानं लावायची, जणू डावा हात हे तिचं गुपित होतं. रोज खड्डा. चेंडू असता तर तो उडालाच असता, आणि गोलवर मारण्याखेरीज हिट मुद्दाम उंच उडवला तर हॉकीत फाउल आहे. पंधरा दिवस मी पाय सांगितले, कंबर सांगितली, पण खड्डा काही बुजेना.

मग एकदा पाणी प्यायला बसलो असताना (घरून आणलेली अर्धी बाटली, तीही पुरवून पुरवून) ती सांगत होती की हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून पाखरं तीच हाकते, भावापेक्षा तिची गोफण लांब जाते. मी विचारलं, कोणत्या हातानं? ती थोडी थांबली आणि म्हणाली, "डाव्याच."

दुसऱ्या दिवशी तिनं घरची गोफण आणली. खुंटीवर वर्ष काढलेली, सुतळीचे पीळ काळे पडलेले. दगडाऐवजी तिच्या खोळीत मातीचं ढेकूळ ठेवलं. दोन्ही टोकं एकत्र करून तिला स्टिकेसारखी धरायला सांगितली, डावा हात वर, उजवा त्याला लागून खाली, आणि नुसतं मागं-पुढं झुलवायला लावलं. पहिल्या झोक्याला तिनं उजव्या हातानं हिसका दिला. दोरी ढिली पडली, ढेकूळ डुगडुगलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. मी काही बोललो नाही. चौथ्या की पाचव्या झोक्याला तिनं आपणहून उजवा हात सैल सोडला, डाव्यानं ओढ घेतली, आणि दोरी मागून पुढं येताना शेवटपर्यंत ताणलेली राहिली. कंबर किंचित आधी वळली. ढेकूळ पायाशी वाऱ्यासारखं गेलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मला नीट वर्णता येणार नाही. ज्या हाताला आजवर नावं ठेवली गेली, तोच इथं पुढारी आहे, हे तिच्या अंगाला उमगलं होतं. स्टिक हातात दिली. जमिनीवर पहिल्यांदा खड्डा पडला नाही. पुसट रेघ होती, रांगोळी ओलांडून पुढं गेलेली.

हे मी पुण्यात एकदा सांगितलं, तेव्हा येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर काम करणारा आमच्या गावाकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, असा एक गोल्फचा मास्तर होऊन गेलाय." अर्नेस्ट जोन्स त्याचं नाव. इंग्रज व्यावसायिक खेळाडू. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. काही महिन्यांत त्यानं एका पायावर उभं राहून १८ होलचा डाव ८३ फटक्यांत पुरा केला. सगळे सांगतात तसं वजन या पायावरून त्या पायावर न्यायला त्याच्याजवळ दुसरा पायच नव्हता, तरी फटका बसत होता. पुढं अमेरिकेत त्यानं आयुष्यभर शिकवलं, न्यूयॉर्कमध्ये तर इमारतीच्या आत. रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधायचा आणि शिष्याला तो झुलवायला लावायचा. हिसका दिला की रुमाल ढिला. झोका खरा असला की रुमाल ताठ. हे ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही. औशाच्या शिवारातली गोफण आणि न्यूयॉर्कमधला रुमाल, दोन्ही एकच गोष्ट सांगत होते.

गोल्फमध्ये काठी आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते. हॉकीचा चेंडू गोल्फच्या तिपटीहून जड असतो, १५६ ते १६३ ग्रॅमचा, पण तिथंही निमिषमात्रच. त्या क्षणी मनगट असं फिरव, कोपर तसं धर, हे सांगून कोण ऐकणार? मेंदूपर्यंत निरोप पोचायच्या आत चेंडू गेलेला असतो. शिकवायचं ते आधीचं: कुठं उभं राहायचं, कुठून वळायचं, काय सैल सोडायचं.

त्या वर्षी पावसानं भरभरून दिलं. मांजरा भरली. मैदानातली धूळ बसली, आणि कपाटातली चेंडूंची पिशवी बाहेर आली.

हिवाळ्यात मी मुलींना घेऊन एसटीनं नांदेडला गेलो, गोल्ड अँड सिल्व्हर कपचे सामने बघायला. उस्ताद आता फार थकले होते, खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसले होते. मी पाया पडलो. मुलींची ओळख करून दिली. त्यांनी हातानंच औशाच्या मुलीला पुढं बोलावलं आणि बाजूच्या मोकळ्या मातीकडे बोट केलं. "दिखाओ, बेटा."

तिनं स्टिक घेतली आणि चेंडूशिवायच फिरवली.

उस्ताद खुर्चीवरून उठले. उकिडवं बसणं त्यांना आता जमत नव्हतं, म्हणून गुडघ्यावर हात ठेवून वाकले. बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग शेजारच्या पोराकडून एक चेंडू मागून घेतला, आणि त्या रेघेवर स्वतःच्या हातानं ठेवला.