एक्याण्णव आणि एक्याण्णव

२०२२ च्या ऑगस्टमधील एका संध्याकाळी कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एक बाई आम्हांला भेटायला आली. लहानपणी ती वसईत आमच्याच आळीत वाढली आणि लग्न होऊन मुंबईच्या त्या टोकाला गेली, त्यास पंचवीस वर्षे होऊन गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. पदराखाली झाकून आणलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिने आमच्या टेबलावर ठेवला आणि एवढेच म्हणाली, "फादर, माझ्या पोराला चोर म्हणतात."

मच्छीमार नगर अनेक वाचकांनी पाहिलेले नसेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री रबरी होडीतून दहशतवादी उतरले ते ह्याच किनाऱ्यावर, एवढीच त्याची ओळख वर्तमानपत्रांनी करून दिली. एरव्ही ती साधी कोळ्यांची वस्ती. पुढे ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, डिझेलचा आणि मासळीचा मिसळलेला वास. आणि मान वर केली की वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती. सकाळी वस्तीतील कितीतरी माणसे रस्ता ओलांडून त्या इमारतींत कामाला जातात. ह्या बाईचा मुलगाही असाच एका सद्गृहस्थांकडे गाडी चालवीत असे. त्यांनी त्या वर्षी जर्मन बनावटीची नवी गाडी घेतली होती. आवाज कमी, वेग भयंकर आणि किंमत आम्ही इथे लिहीत नाही.

मालक पेट्रोलसाठी दर आठवड्याला सहा हजार रुपये रोख देत. पावती कधी मागत नसत. पाच आठवड्यांनी गाडी चढावर खडखडू लागली, जोर कमी झाला, समोर पिवळा दिवा लागला. कारखान्यातून निरोप आला की गाडीत हलक्या दर्जाचे पेट्रोल भरले जात आहे. मालकांनी जे अनुमान काढले ते कुणीही काढले असते: पोरगा स्वस्त पेट्रोल भरतो आणि वरचे पैसे खिशात घालतो. अर्धा पगार कापला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस असे सांगण्यात आले.

खरे सांगायचे तर क्षणभर आमच्याही मनात तेच आले. मुलगा आईच्या मागे मान खाली घालून उभा होता आणि मान खाली घालणाऱ्याविषयी वाईट वाटण्याआधी संशय वाटतो, हा आमचा जुना दोष आहे. "तू साधे पेट्रोल भरलेस का?" आम्ही विचारले. "हो फादर, भरले," तो म्हणाला. "पण मला तेच सांगितले होते."

डब्यात पेट्रोलपंपाच्या पावत्या होत्या. आईने त्या तारखेप्रमाणे लावून टाचणीने टोचल्या होत्या. आम्ही चष्मा लावून बेरीज केली. मिळालेले रुपये ३०,०००. पावत्या २९,४६० रुपयांच्या. आणि डब्याच्या तळाशी रबर लावलेले ५४० रुपये. पावत्यांवर दर लिटरला १०६ रुपये ३१ पैसे, म्हणजे त्या दिवसांतील साध्या पेट्रोलचा मुंबईतील भाव. खिशात काही गेले नव्हते हे सिद्ध झाले. पण चुकीचे पेट्रोल भरले गेले, हेही त्याच कागदांनी सिद्ध केले. वकिलाने हा डबा पाहिला असता तर तो हसला असता की घाबरला असता, कोण जाणे.

मग मुलाने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. गाडीच्या पेट्रोल-टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूचे ते होते. त्यावर इंग्रजीत ९८ आणि खाली 'किमान ९५' असे लिहिलेले होते. पहिल्याच दिवशी त्याने ते काढले आणि मालकांच्या मुलाला दाखवले. मालकांचे चिरंजीव अमेरिकेत शिकतात, सुटीत आले होते. ते हसून म्हणाले, आम्ही तिकडे अशाच गाडीत एक्याण्णव भरतो, तिकडे तेच सर्वांत उंची. तू एक्याण्णव भर. मुलगा पंपावर गेला, विचारले, एक्याण्णवचे कोणते? त्याने सांगितले, साधे. त्याने साधे भरले.

आमचे यंत्रज्ञान वसईच्या वाडीतील. वडिलांच्या केळीच्या बागेत विहिरीवर एक लहान इंजिन होते. ते पेट्रोलवर सुरू करायचे आणि चांगले तापले की कॉक फिरवून रॉकेलवर चालवायचे. भार जास्त झाला की आत डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येई. वडील लांबून, केळीच्या आळ्यात वाकलेले असतानाही, तो आवाज ओळखीत आणि धावत जाऊन कॉक थोडा वळवीत. मच्छीमार नगरातील लहान होड्यांची मागे लावायची यंत्रे ह्याच कुळातील आहेत. त्यांत रॉकेल चालते, कारण त्यांच्या सिलिंडरात हवा आणि इंधन यांचे मिश्रण फारसे दाबले जात नाही.

खड्यांचा आवाज कशाचा, हे आम्हांला पुढे सेमिनरीत असताना एका यंत्रज्ञ बंधूंनी समजावले. ठिणगी पडली की मिश्रणातून ज्योत क्रमाने पसरली पाहिजे. पण मिश्रण फार दाबले गेले, फार तापले, तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते आणि दट्ट्यावर हातोडा बसतो. ऑक्टेन हा आकडा इंधन किती जोरकस, किती शुद्ध हे सांगत नाही. दाब आणि उष्णता सोसून ते ठिणगीची वाट किती पाहू शकते, एवढेच तो सांगतो. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० गुण दिले, नॉर्मल हेप्टेनला शून्य, आणि बाकी सर्व इंधनांची ह्या दोघांच्या मिश्रणाशी तुलना केली. १९२० च्या दशकात ही मोजपट्टी ठरली. (यावरून प्रवचनात एक सुरेख दाखला देता येईल असा मोह आम्हांला झाला. तो आम्ही आवरला.)

म्हणून वेगवान गाडीला हा आकडा मोठा लागतो. तिच्या इंजिनात पंख्याने हवा कोंबली जाते आणि दाब वाढतो. साध्या गाडीला मोठ्या आकड्याचा उपयोग नाही. एका नाताळात आमच्या धर्मग्रामातील एका भाविकाने चर्चच्या जुन्या गाडीत मोठ्या प्रेमाने शंभर ऑक्टेनचे पेट्रोल भरून दिले. इंडियन ऑइलने ते २०२० च्या डिसेंबरात मुंबईसह दहा शहरांत आणले होते. गाडी पूर्वीसारखीच बोरिवलीच्या पुलावर धापा टाकीत गेली. तिला काही कळले नाही. देणाऱ्याचे समाधान झाले, तेही काही कमी नव्हे.

हा आकडा वाढवण्यासाठी माणसाने एक भयंकर गोष्टही केली आहे. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली ह्या अभियंत्याला असे आढळले, की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये किंचित टाकले की खडखड थांबते. पुढची कित्येक दशके जगभरच्या मुलांनी ते शिसे श्वासातून घेतले. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत, १ एप्रिल १९९५ पासून, मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि पंपावर 'कोणते?' हा प्रश्न सामान्य माणसाला ऐकावा लागला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. जगातील शेवटचा शिसेवाला पंप अल्जेरियात २०२१ साली थांबला.

पण त्या पावसाळी संध्याकाळी आमच्यापुढचा प्रश्न निराळा होता. अमेरिकेतील एक्याण्णव आणि मुंबईतील एक्याण्णव यांत फरक काय? तो आम्हांलाही त्या रात्री ठाऊक नव्हता. दोन दिवस पुस्तके चाळली, एका अभियंता मित्राला विचारले, तेव्हा उलगडा झाला. इंधनाची परीक्षा दोन रीतींनी होते. एक सौम्य परीक्षा, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर. दुसरी कठोर, ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण आधीच तापवून. तेच पेट्रोल कठोर परीक्षेत आठ-दहा गुण कमी मिळवते. भारत आणि युरोप पंपावर सौम्य परीक्षेचे गुण सांगतात. अमेरिका दोन्हींची सरासरी लिहिते. म्हणजे अमेरिकेतील एक्याण्णव हे आपल्याकडील पंचाण्णव-शहाण्णवच्या बरोबरीचे आणि २०२२ मधील मुंबईचे एक्याण्णव हे अमेरिकेत सत्त्याऐंशीच्या आसपासचे, तिथले अगदी साधे. चिरंजीव खोटे बोलले नव्हते. मुलाने ऐकले ते बरोबर ऐकले. पंपावरील माणसानेही खरे तेच सांगितले. तिघेही खरे बोलले आणि गाडी खडखडली.

आम्ही हे सर्व दीड पानात लिहिले, दोन्ही मोजमापांचे आकडे समोरासमोर मांडले, पावत्यांची बेरीज जोडली आणि आणखी एक गोष्ट लिहिली, जी मित्राने आग्रहाने लिहायला लावली: आजच्या गाडीत खडखड ऐकणारे एक उपकरण असते, ते ठिणगी उशिरा पाडून इंजिन सांभाळते, त्यामुळे जोर घटतो आणि पेट्रोल जास्त जळते, परंतु थोड्या आठवड्यांत कायमचे नुकसान बहुधा होत नाही. कारखान्याने तपासून तसा दाखला द्यावा, अशी विनंती केली. पत्रात 'चोर' हा शब्द कुठे आणू नये, असे मुलाच्या आईचे म्हणणे पडले. आम्हांला तो आणावा असे फार वाटत होते.

पत्र घेऊन मुलगा स्वतः गेला. उद्वाहकाजवळच्या बाकावर त्याला दोन तास बसवून ठेवले होते, हे त्याने आम्हांला सांगितले नाही, आईने सांगितले. आठ दिवसांनी मालकांचा आम्हांला फोन आला. आवाज सभ्य होता. मुलाशी अमेरिकेत बोलणे झाले, त्याने मान्य केले, इंजिन ठीक आहे, ड्रायव्हरला परत पाठवा. कापलेला पगार मिळाला. तो एक शब्द परत घेतल्याचे मात्र आमच्या कानी आले नाही.

त्या रविवारी आम्ही मच्छीमार नगरात गेलो. मुलाचे वडील होडीच्या इंजिनाला ग्रीस लावीत होते. मुलाला आता आकड्यांचे वेड लागले होते, त्याने विचारले, "फादर, बाबांच्या डिझेलला कितीचा ऑक्टेन?" आम्ही सांगितले की डिझेलचा हिशेब उलटा. तिथे ठिणगीच नसते, दाबानेच पेट घ्यायचा असतो, म्हणून जे लवकर पेटते ते चांगले आणि त्याच्या आकड्याला सिटेन म्हणतात. वडिलांनी हात न थांबवता म्हटले, "आमाला जे मिळेल ते चालते, फादर. समुद्रात कोन झाकण उघडून वाचतो?" तिघेही हसलो. मग त्यांनी हात पुसले आणि मुलाकडे न पाहता हळूच विचारले, "त्या पत्राची एक नक्कल असेल काय तुमच्यापाशी?" ती आता त्यांच्या घरात, विम्याच्या कागदांबरोबर आहे.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मुलाचा पुन्हा फोन आला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले होते. आपल्याच उसाची मळी आणि धान्य यांतून हे इथेनॉल होते. त्याचा स्वतःचा ऑक्टेन शंभराहून वर, त्यामुळे साध्या पेट्रोलचा आकडाही वाढला; सरकार तो ९५ सांगते. परंतु लिटरमागे इथेनॉलात उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसेलच असे नाही. मुलाची अडचण नेमकी होती. झाकणावरची किमान पंचाण्णवची अट आता साधे पेट्रोलही पुरे करते. पण त्याच झाकणावर इथेनॉलची मर्यादा दहा टक्के लिहिली आहे. एक आकडा हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. मग भरायचे काय?

आम्ही म्हणालो, बाळ, हे आमच्या वाडीतील कॉकच्या पलीकडचे आहे; कारखान्याला विचार आणि उत्तर लेखी घे.

"घेतले आहे, फादर," तो म्हणाला. "सही-शिक्क्यासकट. आईच्या डब्यात ठेवले आहे."