श्वासांतलें पाणी

कोंकणांतला मनुष्य घाटावर आला कीं ‘हवा फार कोरडी’ म्हणून कुरकुरतो, आणि घाटावरचा कोंकणांत उतरला कीं ‘जीव गुदमरतो’ म्हणून. आम्ही जन्मानें कोंकणांतले व पोटासाठीं पुणेकर. त्यामुळें या दोन्ही कुरकुरी आमच्या घरांत नित्य ऐकूं येतात. गेल्या वर्षीं मात्र हा थट्टेचा विषय राहिला नाहीं. आमचे वडील बंधु अण्णा दापोलीजवळ आंजर्ल्यास मूळ घरीं राहतात. वय चौऱ्याहत्तर. दम्यामुळें त्यांना रात्रीमागून रात्री बसून काढाव्या लागत. पुण्यास सर्वांचें मत पडलें कीं, घर विकावें आणि अण्णा-वहिनींस पांचगणीस बिऱ्हाड करून द्यावें. पांचगणीस १९१२ सालीं डॉ. बिलिमोरिया यांनीं क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम काढलें, आणि छातीच्या दुखण्यास पांचगणी हें समीकरण लोकांच्या मनांत पक्कें बसलें. खरेदीदाराचा मसुदा पिशवींत घेऊन ज्येष्ठाच्या अखेरीस आम्ही निघालों. जागा पाहावी आणि तसेंच पुढें कोंकणांत उतरून अण्णांची सही घ्यावी, असा बेत होता.

मास्तरकीची खोड जात नाहीं. आम्हीं दोन उष्णतामापकें बरोबर घेतलीं होतीं. एकाच्या फुग्यास ओली मलमल गुंडाळावयाची, दुसरें कोरडें ठेवावयाचें. हवा कोरडी असेल तर मलमलीचें पाणी भराभर उडतें व ओलें मापक खालीं जातें; हवा बाष्पानें भरलेली असेल तर दोन्ही सारखीं राहतात. वाईस कृष्णेच्या घाटावर दोहोंत सहा अंशांचें अंतर पडलें. पसरणीचा घाट चढून पांचगणीस आलों तों तें दोनावर आलें. महाबळेश्वरीं अंतर उरलेंच नाहीं. दोन्हीं वीस अंशांवर स्थिर. दहा पावलांवरचें झाड दिसेना. भिंतींना पावसाच्या झडी बांधलेल्या, आणि आमच्या उतरण्याच्या जागीं वाळत घातलेलें धोतर सकाळीं अधिकच ओलें. वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या त्या गांवीं हें नवल नव्हे. पांचगणीस पाऊस पुष्कळच कमी. तरी त्या दिवशीं तेथील पठारही ढगांतच होतें. ज्या कोरड्या हवेसाठीं घर विकावयाचें, ती हवा निदान या ऋतूंत तेथें नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आंबेनळी घाटानें उतरलों. प्रतापगड ढगांत हरवला होता. पोलादपुरास अंगरखा पाठीस चिकटला. आंजर्ल्यास पोंचल्यावर मापकें पाहिलीं : कोरडें एकोणतीस, ओलें सव्वीस. कोष्टकावरून हिशेब केला तों मौज निघाली. महाबळेश्वरच्या त्या दाट धुक्यांत घनमीटरभर हवेंत सुमारें सतरा ग्रॅम बाष्प होतें, तर आंजर्ल्याच्या स्वच्छ उन्हांत सुमारें तेवीस! थंड हवेचें भांडें लहान. तें लवकर भरतें व सांडलेलें धुकें म्हणून दिसतें. उष्ण हवेचें भांडें मोठें. त्यांत अधिक बाष्प मावतें, पण दिसत नाहीं.

आणि श्वासाचें काय? नाकावाटें आंत गेलेली हवा, ती कोठलीही असो, फुप्फुसांत पोंचेपर्यंत शरीराइतकी ऊन व बाष्पानें पूर्ण भरलेली होते. घनमीटरास सुमारें चव्वेचाळीस ग्रॅम. जें कमी पडेल तें पाणी आपलें शरीर पुरवितें. म्हणजे आंजर्ल्यास शरीरानें एकवीस ग्रॅमांची भर घालावयाची, तर महाबळेश्वरीं सत्तावीस. बाष्पामुळें प्राणवायु कमी पडतो म्हणावें, तर आंजर्ल्यास बाष्पानें व्यापलेला भाग शेंकडा तीनच; उलट महाबळेश्वरच्या उंचीवर सारी हवाच शेंकडा पंधरांनीं विरळ. दमट हवेंत जीव गुदमरतो तो मुख्यतः घाम वाळत नाहीं म्हणून.

हें सारें आम्हीं ओसरीवर मोठ्या उत्साहानें सांगितलें. अण्णा उशीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “बाळू, हिशेब बरोबर असेल. पण मग मला रात्रीं दम कां लागतो?”

याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. चरकसंहितेंत तमकश्वास मेघांनीं, पाण्यानें व थंडीनें वाढतो आणि बसल्यानें बरें वाटतें असें सांगितलें आहे. म्हणजे अनुभव जुना आणि खरा. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलों. त्यांनीं छाती तपासली आणि विचारलें, “निजतां कोठें?”

संध्याकाळीं ती खोली आम्हीं प्रथमच नीट पाहिली. पश्चिमेची भिंत बुरशीनें काळी पडलेली. तिला लागून बारा वर्षांची कापसाची गादी. भिंतीपलीकडे न्हाणीघराची चूल, आणि तिचा धूर पहांटे आंत येणारा. खिडक्या घट्ट बंद. वहिनी हळूच म्हणाल्या, “दोन वर्षांमागें तुम्हींच लिहिलें होतें ना भावोजी, दमट हवा आंत येऊं देऊं नका म्हणून? तेव्हांपासून उघडल्या नाहींत.”

आम्हांस मान वर करवेना. डॉक्टरांचें म्हणणें असें कीं, ओलावा स्वतः दमा करीत नाहीं. पण बंद ओलसर खोलींत बुरशी धरते, गादींत डोळ्यांस न दिसणारे धुळीचे किडे वाढतात, आणि त्यांचे कण व धूर दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. बाष्पास दोष देत आम्हीं त्याच्या आश्रितांना घर बांधून दिलें होतें.

आठ दिवस आम्ही राहिलों. गादी गेली, बिछाना पूर्वेच्या माजघरांत आला, चुलीच्या जागीं गॅस बसला, उघडीप मिळेल तेव्हां खिडक्या उघडूं लागल्या, आणि डॉक्टरांनीं दिलेलें ओढावयाचें औषध अण्णा वेळच्या वेळीं घेऊं लागले. आश्विनांत वहिनींचा फोन आला, “आतां आठवड्यांतून चार-पांच रात्री आडवे होतात.” बाकीच्या रात्री बसूनच जातात, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं.

मसुदा अजून आमच्या पेटींत आहे, सहीवांचून. वाचकांच्या घरीं असा कोणी असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. पण गांव बदलण्यापूर्वीं त्याची निजावयाची खोली एकदां स्वतः जाऊन पाहावी. दुरून पत्रें लिहूं नयेत.